ठासणीच्या बंदुकीसाठी दारूची निवड
पिकाची राखण करणाऱ्या शेतकऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

बीदर शहरातील महमूद गावानचा मदरसा पाहावयास येणाऱ्या प्रवाशाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, एवढ्या भव्य वास्तूचा दर्शनी भाग एका बाजूने असा ढासळलेला का? बहमनी राज्याच्या या विद्वान वजिराने १४७२ च्या सुमारास उभारलेली ही विद्येची वास्तू पुढे मोगल अमलात लष्कराच्या कामी लावण्यात आली. तेथे साठविलेल्या बंदुकीच्या दारूचा १६९६ मध्ये स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा हिस्सा क्षणात नाहीसा झाला. रंगीत कौलांनी मढविलेला एकच मिनार आज उभा दिसतो. त्यापूर्वी १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदरच्या किल्ल्याला वेढा दिला असता बुरुजामागील दारूच्या साठ्यावर अग्निबाण पडला. तीस वर्षांच्या सुमारास किल्ला सांभाळणारा किल्लेदार सिद्दी मरजान त्या आगीत होरपळला आणि त्यातच त्याचा अंत झाला. आपणच जमविलेली दारू आपल्याच जिवावर कशी उठते, याची ही दोन उदाहरणे या जिल्ह्याच्या इतिहासातच नोंदलेली आहेत.

किल्ले व तोफा यांचे दिवस केव्हाच संपले. तथापि बंदुकीची दारू अद्याप खेड्यापाड्यांतून नाहीशी झालेली नाही. मांजरा व कारंजा नद्यांच्या काठचा ऊस, औराद, भालकी, बसवकल्याण व हुमनाबाद या तालुक्यांतील ज्वारी व सोयाबीन, तसेच आळंद व चिंचोळी भागातील तूर ही पिके हाती येईपर्यंत शेतकऱ्याला रात्र रात्र माचाणावर जागावे लागते. रानडुकरांचा कळप एकदा शेतात शिरला म्हणजे तो खातो त्याहून अधिक तुडवितो. अशा राखणीसाठी काही शेतकऱ्यांजवळ परवान्याची ठासणीची बंदूक असते. ही बंदूक पुष्कळदा वडिलोपार्जित असते आणि ती भरण्याची रीतही ऐकीव असते. बंदूक जुनी असली तरी चालेल. मात्र तिच्यात घालावयाची दारू कोणती याविषयीचे अज्ञान चालणार नाही. नळी फुटून बोटे, डोळा वा प्राण गमावण्याच्या प्रसंगांचे मूळ बहुधा या अज्ञानातच असते.

ठासणीची बंदूक व कायदा

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरावयाची बंदूक. नळीच्या तोंडातून प्रथम दारू, नंतर बोळा, त्यावर गोळी वा छर्रे घालून गजाने ठासतात. मागील बाजूस असलेल्या छिद्राच्या तोंडाशी ठिणगी पाडली की आतील दारू पेट घेते. जुन्या काळी ही ठिणगी पेटत्या तोड्याने दिली जाई, पुढे चकमकीने देऊ लागले आणि एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या लहान टोपीने ती जागा घेतली. युरोप-अमेरिकेत याच पद्धतीच्या, पण आतून आटे पाडलेल्या रायफली हौशी शिकारी आजही वापरतात. आपल्याकडील शेतकऱ्याच्या बंदुकीची नळी मात्र आतून गुळगुळीत असते.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. ठासणीची बंदूक त्या कामास पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास तो दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. याचा अर्थ असा की, ही सवलत पिकाच्या राखणीसाठी आहे. शिकारीच्या हौसेसाठी नाही. आटे पाडलेली रायफल, मग ती तोंडाकडून भरावयाची का असेना, या सवलतीत बसत नाही. तसेच विनापरवाना गावठी बंदूक बाळगणे हा गंभीर गुन्हा असून, तिच्या नळीची कोणी परीक्षाही केलेली नसते, हा तिचा दुसरा दोष होय.

दारूचे दोन वर्ग

बंदुकीत वापरल्या जाणाऱ्या दारूचे दोन मुख्य वर्ग आहेत. या दोहोंतील भेद ज्याला समजला त्याला निवडीचे मर्म समजले, असे म्हणण्यास हरकत नाही.

पहिला वर्ग काळ्या दारूचा. सोरा, गंधक व लोणारी कोळसा यांचे हे मिश्रण नवव्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये माहीत झाले व पुढे जगभर पसरले. सोऱ्यातून प्राणवायू मिळतो, कोळसा जळतो आणि गंधकामुळे मिश्रण लवकर पेट घेते. ही दारू जळते तेव्हा तिच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन राखेच्या रूपाने उरतो. दाट पांढरा धूर व नळीत बसणारा काळा मळ हे त्याचेच परिणाम होत. हा तिचा दोष असला तरी तिच्यात एक मोठा गुणही आहे. नळीतील दाब वाढला तरी तिचा जळण्याचा वेग बेताबेतानेच वाढतो. ठासणीच्या बंदुकीची नळी या दाबाच्या अंदाजानेच घडविलेली असते.

दुसरा वर्ग बिनधुराच्या दारूचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्येय याने १८८४ मध्ये ही दारू सिद्ध केली. तिचा मूळ घटक नायट्रोसेल्युलोज हा असतो. आपल्या देशात निलगिरीतील अरुवनकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी या वर्गातील कॉर्डाइट दारूचा कारखाना उभा राहिला. आजची बहुतेक काडतुसे याच वर्गातील दारूने भरलेली असतात. वजनास वजन घेतले तर काळ्या दारूपेक्षा तिच्यात सुमारे तिप्पट शक्ती असते. शिवाय दाब जसजसा वाढतो तसतसा तिचा जळण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि वेग वाढला की दाब आणखी चढतो. हे चक्र काडतुशी बंदुकीच्या मजबूत पोलादी नळीत आवरले जाते. ठासणीच्या बंदुकीच्या नळीत ते आवरत नाही, नळी फुटते.

म्हणून निवडीचा पहिला नियम असा : ठासणीच्या बंदुकीत केवळ काळी दारूच वापरावी. काडतूस फोडून त्यातील दारू ठासणीच्या बंदुकीत घालणे हे आत्मघाताचे कृत्य होय. ‘थोडीच घातली तर काय होते?’ हा प्रश्नही मनात आणू नये. काळी व बिनधुराची अशा दोन्ही दारूंचे मिश्रण करणेही तितकेच घातक आहे. परदेशात बिनधुराची दारू सोसतील अशा काही खास ठासणीच्या रायफली तयार झाल्या आहेत; परंतु त्या अपवादाचा आधार आपल्या जुन्या बंदुकीला घेता येत नाही.

काळ्या दारूऐवजी वापरावयाचे काही पर्यायी पदार्थही परदेशात निघाले आहेत. अमेरिकेत १९७६ मध्ये बाजारात आलेला पायरोडेक्स हा त्यांतील प्रसिद्ध होय. हा पदार्थ काळ्या दारूपेक्षा हलका असल्यामुळे तो वजनाने न घेता काळ्या दारूच्या मापाने, म्हणजे आकारमानाने घ्यावा लागतो. वजनाने घेतल्यास भरणी वाजवीपेक्षा जास्त होते. ज्या पदार्थाचा मूळ डबा, त्यावरील नाव व सूचना समोर नाहीत, तो पदार्थ पर्यायी दारू म्हणून कोणी देऊ केल्यास घेऊ नये.

दाण्याचा आकार

काळी दारू निश्चित झाल्यावर तिच्या दाण्याचा विचार करावा लागतो. एकाच वजनाचे सरपण असले तरी जाड ओंडका सावकाश जळतो आणि बारीक काटक्या भडकन जळून जातात, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. दारूचेही तसेच आहे. दाणा जितका बारीक तितका त्याचा उघडा पृष्ठभाग अधिक, जळणे जलद आणि नळीवरचा दाबही अधिक.

कारखान्यातील काळी दारू चाळणीने चाळून दाण्याच्या आकाराप्रमाणे वेगळी केलेली असते. इंग्रजी पद्धतीत ‘एफ’ या अक्षराच्या संख्येवरून हा आकार दर्शवितात. एक एफ म्हणजे जाड दाणा, दोन एफ मध्यम, तीन एफ बारीक आणि चार एफ अतिबारीक. जाड दाणा मोठ्या तोंडाच्या नळ्यांसाठी असतो. मध्यम दाणा रुंद नळीच्या व छर्ऱ्यांच्या बंदुकांसाठी योग्य समजला जातो. बारीक दाणा अरुंद नळीच्या रायफली व पिस्तुले यांच्यासाठी, तर अतिबारीक दाणा केवळ चकमकीच्या बंदुकीच्या रंजकासाठी, म्हणजे बाहेरून पेट देण्यासाठी असतो. पिकाच्या राखणीसाठी असलेल्या रुंद, गुळगुळीत नळीत मध्यम वा जाड दाण्याची दारूच वापरावी. रंजकाची बारीक दारू नळीत भरू नये. दारूचे दाणे खलून बारीक करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. घर्षणाने ती हातातच पेट घेऊ शकते.

चांगल्या काळ्या दारूचे दाणे कोरडे, टणक व साधारण एकसारख्या आकाराचे असतात. बोटांत धरले असता त्यांचा भुगा होत नाही. दाण्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसल्यास ती दारू ओल लागून नंतर सुकलेली आहे असे समजावे. सोरा पाण्यात विरघळतो. ओल लागली की तो दाण्याबाहेर येऊन मिश्रणाचे प्रमाण बिघडते. अशी दारू उन्हात वाळवून पुन्हा वापरू नये. बिनधुराच्या दारूचे दाणे पुष्कळदा चकत्या, नळकांडी वा गोळ्या अशा रेखीव आकाराचे असतात, तर काळ्या दारूचे दाणे फोडलेल्या खडीसारखे ओबडधोबड असतात. परंतु केवळ रंगावर किंवा दिसण्यावर विसंबून निर्णय घेऊ नये, कारण बिनधुराची दारूही काळपट रंगाची असू शकते. ओळख पटत नसलेली दारू वापरू नये, पेटवून पाहू नये, चुलीत वा उकिरड्यात टाकू नये. तिची खबर जवळच्या पोलीस ठाण्यास द्यावी.

वर्ज्य दारू

तीन प्रकारची दारू सर्वथा वर्ज्य समजावी. पहिली, फटाक्यांतून काढलेली दारू. आवाजाच्या फटाक्यांत चमक व धमाका यांसाठी निराळी रसायने घातलेली असतात. त्यांचा भडका नळीला सोसत नाही. दुसरी, विहिरी व खाणी यांच्या कामातील सुरुंगाची दारू. तिचे दाणे, तिचा वेग व तिचा उद्देश सर्वच वेगळे आहेत. तिसरी, घरी तयार केलेली दारू. तिच्यातील घटकांचे प्रमाण प्रत्येक वेळी बदलते, त्यामुळे आज पुरेसा ठरलेला बार उद्या घातक ठरतो. शिवाय परवान्याशिवाय दारू तयार करणे हा स्फोटके अधिनियम, १८८४ व शस्त्र अधिनियम या दोहोंखाली गुन्हा आहे. दारू परवानाधारक विक्रेत्याकडूनच, आपल्या परवान्यावर नोंदलेल्या मर्यादेतच व पावती घेऊनच खरेदी करावी.

माप व भरणी

योग्य दारूसुद्धा अंदाजाने ओतल्यास घातक ठरते. बंदुकीस किती दारू लागते हे तिच्या नळीवरून ठरते. शेजाऱ्याच्या बंदुकीचे माप आपल्या बंदुकीस लागू पडत नाही. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून नळी तपासून घ्यावी, त्याच्याकडून माप ठरवून घ्यावे आणि त्या मापाची एक पितळी डबी कायम ठेवावी. दारू भुकटीच्या शिंगातून अथवा डब्यातून थेट नळीत ओतू नये. मागील बाराची एखादी ठिणगी नळीत धुमसत असल्यास भडका वर येऊन हातातील सर्व साठाच पेट घेतो. माप डबीत घ्यावे, साठा झाकून दूर ठेवावा आणि मगच नळीत ओतावे.

गोळी वा छर्ऱ्यांखालील बोळा दारूवर नीट टेकलेला असावा. मध्ये पोकळी राहिल्यास त्या जागी दाब एकवटून नळी फुगते किंवा फाटते. एका बारावर चुकून दुसरा बार भरला जाणे हे नळी फुटण्याचे आणखी एक कारण. अंधारात, झोपेच्या गुंगीत अशी चूक सहज घडते. तिच्यावर एक सोपा उपाय आहे. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घालून तोंडाशी गजावर एक खूण करावी. योग्य बार भरल्यावर गज पुन्हा घालून दुसरी खूण करावी. प्रत्येक वेळी गज घालून पाहिले की नळी रिकामी आहे, एक बार भरलेली आहे की दोन, हे खुणेवरून तत्काळ कळते. भरताना तोंड शरीरापासून दूर ठेवावे आणि टोपी सर्वांत शेवटी बसवावी. चाप ओढूनही बार न उडाल्यास बंदूक लगेच खाली आणू नये. दारू आत धुमसत असू शकते. नळी सुरक्षित दिशेस रोखून निदान एक मिनिट तरी थांबावे.

साठवण व सफाई

काळी दारू ठिणगीने, घर्षणाने वा मोठ्या आघाताने सहज पेट घेते. तिचा डबा चूल, दिवा, विजेची तार, रासायनिक खते व डिझेल यांच्याजवळ ठेवू नये. मूळ डब्यातच, कोरड्या जागी, कुलपात व मुलांच्या हातास लागणार नाही असा ठेवावा. दारू हाताळताना विडी-सिगारेट ओढू नये. बंदूक घरी आणताना भरलेली आणू नये. भरलेली बंदूक भिंतीला टेकवून ठेवण्याच्या सवयीने घरातीलच मुलाबाळांवर आपत्ती ओढवते.

बाराचा मळ हवेतील ओल शोषून घेतो व एका रात्रीत नळीस गंज धरू लागतो. गंजलेली नळी पातळ होते आणि मग योग्य दारूही तिला सोसत नाही. म्हणून बार काढला त्याच दिवशी, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळी गरम पाण्याने धुवावी, कोरड्या चिंधीने पुसावी आणि तेलाचा हलका हात द्यावा. पुढील भरणीपूर्वी ते तेल पुसून काढावे.

बार काढण्यापूर्वी परवानगी

बंदुकीचा परवाना हा प्राणी मारण्याचा परवाना नव्हे, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने हौशी शिकारीच्या परवान्यांच्या तरतुदीच काढून टाकण्यात आल्या. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली असून रानडुक्कर आता अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकांस धोका निर्माण झाल्यास अशा प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्य जीव रक्षक अथवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी, कारणे नोंदवून व लेखी आदेशाने देऊ शकतो. अशी लेखी परवानगी हाती आल्याशिवाय प्राण्यावर गोळी झाडू नये.

बीदर परिसरातील माळरानांची शोभा असलेला काळवीट अनुसूची एकमध्ये आहे. पिकाचे नुकसान झाले या कारणावरून त्यास मारता येत नाही. त्याचप्रमाणे चिंचोळी येथील वन्यजीव अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन प्रवेश करणे हा गुन्हा आहे. नुकसान झाल्यास वन विभागाकडे त्वरित अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. भरपाईचा मार्ग कागदपत्रांतून जातो. त्यासाठी पेरा, क्षेत्र व नुकसान यांची नोंद वेळेवर होणे अगत्याचे आहे.

काही ठिकाणी रानडुकरांसाठी कणकेत वा फळात स्फोटक लपवून ठेवण्याचा अघोरी प्रकार चालतो. २०२० मध्ये केरळात अशा स्फोटक फळाने एका गाभण हत्तिणीचा अंत झाला आणि साऱ्या देशात हळहळ व्यक्त झाली. अशा आमिषास गाय, कुत्रा वा खेळणारे मूलही बळी पडू शकते. हा प्रकार आढळल्यास तो लपवू नये.

गावकऱ्यांचे व शिक्षकांचे कर्तव्य

बंदूक एका घरात असली तरी तिचा धोका शेजारपाजाऱ्यांनाही असतो. ग्रामपंचायतींनी सुगीच्या आरंभी परवानाधारक शेतकऱ्यांची बैठक घेऊन पोलीस व वन अधिकाऱ्यांकडून त्यांना मार्गदर्शन मिळवून द्यावे. रात्री कोणत्या शेतात कोण राखणीस आहे हे एकमेकांस कळविण्याची प्रथा पाडल्यास हलणाऱ्या सावलीवर गोळी झाडण्याचे अनर्थ टळतील. शाळेतील विज्ञानाच्या तासाला ज्वलन शिकविताना शिक्षकांनी घरातील दारूचा डबा, काडतूस वा न उडालेला फटाका हाताळू नये एवढे आवर्जून सांगितले, तरी तो संदेश संध्याकाळी घरोघरी पोहोचेल. कानडी, मराठी व उर्दू या तिन्ही भाषा बोलल्या जाणाऱ्या या सीमाभागात अशी माहिती ज्याच्या त्याच्या भाषेत पोहोचविणे अधिकाऱ्यांनाही सोपे जाईल.

सारांश, बंदुकीस सोसेल तीच दारू, नळीस योग्य तोच दाणा, ठरलेले तेच माप आणि लेखी परवानगी असेल तेव्हाच बार, एवढे पथ्य राखणदाराने पाळावे. तुरीचे एक पीक हातचे गेले तर पुढच्या मृगाला पुन्हा पेरता येते. फुटलेल्या नळीने नेलेला हात मात्र पुन्हा येत नाही, आणि त्या हाताविना पुढची पेरणी कोणी करावयाची हा प्रश्न त्या घरापुढे कायमचा उभा राहतो.